डेमेरारा रम : आमच्या गच्चीवर हमखास विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये 'चाखायला या' म्हटलं की लोक वाइनच गृहीत धरतात. द्राक्षांच्या गावात राहून रमच्या बाटल्या जमवणाऱ्या माणसाकडे जरा संशयानेच बघितलं जातं. तरी आमचा सात-आठ जणांचा गट महिन्यातून एकदा गंगापूर रोडला माझ्या गच्चीवर बसतो, आणि सध्या आम्हाला गडद रमचं, त्यातही डेमेरारा पद्धतीच्या रमचं वेड लागलं आहे. नवा माणूस आला की तेच तेच प्रश्न येतात. बोलून बोलून घसा कोरडा पडायला लागला, म्हणून लिहून काढले.

डेमेरारा हा ब्रँड आहे का?

नाही, नदी आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना नावाचा देश आहे, तिथली. तिच्या मुखाशी राजधानी जॉर्जटाउन वसली आहे. आधी डचांनी आणि मग इंग्रजांनी या किनारपट्टीवर उसाचे मळे उभे केले. ऊस आला की साखर आली, साखरेमागे मळी आली आणि मळीमागे रम. एकेकाळी तिथे जवळपास प्रत्येक मळ्याची स्वतःची भट्टी होती. मळे एकमेकांत विलीन होत गेले तशा भट्ट्याही हलल्या, आणि आज त्यातल्या उरलेल्या नावाजलेल्या भट्ट्या डेमेराराच्या काठावरच्या डायमंड इथल्या एकाच डिस्टिलरीत आहेत. 'एल डोराडो' हे त्यांचंच नाव. १९९२ साली त्यांनी १५ वर्षं मुरवलेली रम बाजारात आणली. रम म्हणजे कोल्यात ओतायची वस्तू, असं समजणाऱ्यांना त्या बाटलीने दुसऱ्यांदा विचार करायला लावलं.

डेमेरारा साखर वेगळी. मोठ्या दाण्याची, सोनेरी-तपकिरी साखर म्हणजे डेमेरारा, एवढाच त्या नावाचा अर्थ आता उरला आहे. ती मॉरिशसमधूनही येते. रमचं तसं नाही. लेबलवर 'डेमेरारा रम' असेल तर ती गयानाचीच असायला हवी. 'डेमेरारा स्टाइल' लिहिलेलं असेल तर मात्र बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. रम कुठे गाळली हे लिहिलेलं नसेल, तर 'स्टाइल' म्हणजे बऱ्याचदा नुसता रंग आणि गोडी.

आता थोडं विषयांतर. १८३८ ते १९१७ या काळात सुमारे २ लाख ३९ हजार माणसं हिंदुस्थानातून करारावर तिथल्या मळ्यांत नेली गेली. त्यातली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची होती. गुलामी संपली होती, ऊस तोडायला हात हवे होते. पोर्ट मोरांट नावाच्या मळ्यावर अशाच एका घराण्यात वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय जन्मला. त्याच्या नावावरून आपल्या सुनील गावस्करने मुलाचं नाव रोहन ठेवलं. गावस्करचं पहिलं कसोटी शतकही १९७१ साली जॉर्जटाउनलाच झालं, ११६ धावांचं. ज्या मळ्याने कन्हाय दिला, त्याच मळ्याच्या नावाची लाकडी भट्टी आजही रम गाळते. आमच्या बैठकीत रमवर बोलायचं सोडून अर्धा तास क्रिकेट चालतं ते असं.

लाकडी भट्टी? लाकूड पेटत नाही का?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, मलाही पडला होता. लाकडाखाली जाळ नसतो, आत वाफ सोडतात. गयानाच्या जंगलात ग्रीनहार्ट नावाचं झाड आहे. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि पाण्यात कुजतही नाही, म्हणून बंदरांच्या धक्क्यांसाठी जगभर गेलं. त्याच्याच फळ्या जोडून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून मोठाले पिंप करतात, वर तांब्याची मान बसवतात.

अशा तीन भट्ट्या शिल्लक आहेत. पोर्ट मोरांटची जोडभट्टी, म्हणजे एकाला एक जोडलेले दोन पिंप. तिची परंपरा १७३२पर्यंत मागे नेतात. दुसरी व्हर्सायची, एकाच पिंपाची. आणि तिसरी एन्मोरची, १८८० सालची, उभ्या खांबासारखी. अर्थात मूळच्या फळ्या आज तशाच नाहीत. एकेक झिजली की बदलायची, असं चालत आलं आहे. आजीच्या गोधडीला ठिगळं लावत लावत मूळचं कापड किती उरलं हे कोणी विचारत नाही, तसंच हे.

चवीला फरक काय? उंच खांबाच्या भट्टीत वाफ पुन्हापुन्हा शुद्ध होत जाते, रम हलकी निघते. पिंपाच्या भट्टीत जड, तेलकट, वासाचे घटक बरेच मागे राहतात. पोर्ट मोरांटच्या रममध्ये ज्येष्ठमधासारखा एक गडद वास असतो, तो एकदा ओळखीचा झाला की मिश्रणातही हुडकता येतो. बाटलीतली रम बहुतेक वेळा अशा तीन-चार भट्ट्यांच्या मालाचं मिश्रण असते.

जितकी काळी तितकी जुनी, बरोबर?

चूक. कॅरमल घालून एका दिवसात काळी करता येते. वर्षांचा आकडा लेबलवर बघा, रंगात नाही. ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या धारांवरूनही काही ठरवू नका. त्या अल्कोहोलमुळे होतात, आणि साखर असेल तर सावकाश उतरतात. दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

गाळलेली रम ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात. उष्ण हवेत ती लवकर मुरते आणि लवकर उडूनही जाते. दरवर्षी पिंपातून उडणाऱ्या भागाला इंग्रज देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्यातला एकजण त्याला नैवेद्य म्हणतो. गयानाच्या दमट उकाड्यात हा नैवेद्य थंड स्कॉटलंडपेक्षा बराच मोठा पडतो. म्हणून तिथली बारा वर्षांची रम आणि स्कॉटलंडची बारा वर्षांची व्हिस्की, यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करू नये.

चव नेमकी कशी लागते?

हा खरा प्रश्न. मी इथे एकाच बाटलीबद्दल लिहितो. बारा वर्षांच्या वरची, गयानाच्या भट्ट्यांचं मिश्रण, ४३ टक्के. भाच्याने विमानतळावरून आणलेली. डिसेंबरातली रात्र होती, गच्चीवर शाल लागेल एवढा गारवा.

पांढऱ्या बशीवर ग्लास धरला तर रंग तांबूस-काळा दिसतो, नुकत्याच उतरवलेल्या काकवीसारखा. कडेला किंचित हिरवट झाक.

पहिला वास घेतला आणि मी थेट मामांच्या गुऱ्हाळात जाऊन पोहोचलो. निफाड तालुक्यात, लहानपणी दिवाळीनंतर आम्ही जायचो. चुलवणात चिपाडं जळत असायची, काहिलीत रस आटत असायचा. रसाचा हिरवा वास जातो आणि गुळाचा खमंग वास अजून यायचा असतो, त्या मधल्या पाच मिनिटांत मामा पळीने काकवी काढून भाकरीवर घालायचे. डेमेराराचा पहिला वास ही ती पाच मिनिटं. गोड, पण कडेने करपट.

ग्लास दोन मिनिटं तसाच ठेवला. मग फळं वर आली. ताजी नव्हेत, सुकलेली : काळ्या मनुका, खारीक, सुकं अंजीर. नाशिकच्या माणसाला मनुका वेगळी शिकवावी लागत नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांचा दोन आठवड्यांनी जो किंचित आंबलेला वास सुटतो, तो मी म्हणतोय. त्यामागे वखार : ओलं लाकूड, भुसा, आणि कुठेतरी जुन्या कोल्हापुरी चपलेचं तेल प्यायलेलं कातडं.

घोट घेतला. सुरुवात गुळमट, जिभेवर जाड. मध्यात चिंचेच्या कोळासारखी एक आंबटसर गडद छटा आली, तिच्या मागोमाग लवंग आणि ज्येष्ठमध. व्हॅनिला आहे, पण मागच्या बाकावर. ती ओकच्या पिंपातून येते. अमेरिकन व्हिस्की भरून रिकामी झालेली पिंपं रमसाठी वापरतात, त्या लाकडाची ती देणगी. गिळल्यावर गोडवा लवकर सरतो आणि उरतो कडूपणा : काळी कॉफी, संत्र्याची साल, आणि चहा जास्त उकळला की जिभेला जो खरखरीतपणा येतो तो. हा शेवट एक-दीड मिनिट टिकला. मला तोच सगळ्यात आवडला. आमच्यातल्या एका वहिनींना अजिबात आवडला नाही. त्या म्हणाल्या, "भावजी, काढा प्यायल्यासारखं वाटतंय." तेही खरंच आहे. ज्येष्ठमध, लवंग, सुंठ ही काढ्याचीच यादी आहे.

लेबलवर 'टॉफी, लेदर, ट्रॉपिकल फ्रूट' असं छापलेलं असतं. ज्याने आयुष्यात टॉफीपेक्षा चिक्की जास्त खाल्ली आहे त्याने तिथे टॉफी कशाला शोधायची? चिक्कीचा पाक गोळीबंद होऊन जरा पुढे गेला की जो वास येतो, तोच तिथे असतो.

मला नुसती दारूच लागते. बाकी वास येतच नाहीत. नाक खराब आहे का?

नाक ठीक आहे, घाई जास्त आहे. ग्लासात नाक खुपसून जोरात ओढलं की अल्कोहोल आधी चढतं आणि नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, आणि वास आपणहून येऊ द्या. पहिला घोट हिशेबात धरायचा नाही. तो जिभेला सांगायला, की पाहुणे आलेत. दुसऱ्या घोटापासून चव.

एक युक्ती. दोन थेंब तळहातावर घ्या, हात चोळा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, मागे नुसती काकवी आणि लाकूड राहतं. आमच्याकडे 'मला काही कळत नाही' म्हणत आलेला प्रत्येक माणूस इथे पहिल्यांदा 'अरे!' म्हणतो.

आणि शब्द सुचत नसतील तर खालच्या मजल्यावर जा. म्हणजे स्वयंपाकघरात. मसाल्याचा डबा, गुळाची ढेप, मनुका, कॉफीची बरणी हे सगळं टेबलावर मांडून आम्ही एकदा बसलो होतो. रमचा वास, मग डब्याचा वास, परत रमचा. तासाभरात सगळ्यांना लवंग सापडली. एकाला मात्र फक्त खोबरेल तेल सापडलं, आणि त्याचं बरोबर होतं. ओकच्या लाकडातून खोबऱ्यासारखा वास उतरतो.

खास ग्लास घ्यावा लागेल का?

नाशिकमध्ये? वाइनरी बघायला जाऊन आलेल्या बहुतेक घरांत एकतरी पोटफुगा ग्लास शोकेसमध्ये धूळ खात उभा असतो. तो धुवा. पोट मोठं, तोंड निमुळतं, एवढंच हवं. स्टीलचा पेला नको, धातूचा वास मध्ये येतो.

ही एवढी गोड का? साखर घालतात का?

ऊर्ध्वपातन झाल्यावर रममध्ये साखर उरत नाही. मळीतली साखर किण्वनात अल्कोहोल झालेली असते, आणि जी उरते ती भट्टीतच राहते, वाफेबरोबर वर जात नाही. तेव्हा गोडीचे मार्ग दोनच. एक, लाकडाची. ती खरी साखर नसते, वासामुळे जीभ फसते. दोन, वरून घातलेली. रमच्या जगात ही जुनी चाल आहे. डेमेराराच्या नावाजलेल्या बाटल्याही तिच्यातून सुटलेल्या नाहीत, आणि त्यावर शौकिनांची भांडणं कायम चालू असतात. युरोपीय संघाने २०२१पासून रमला लिटरमागे २० ग्रॅम साखरेची कमाल मर्यादा घातली आहे.

घरी तपासायचं तर बशीत चमचाभर रम ओतून रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी बोट फिरवा. पातळ तपकिरी डाग सुकून बसला असेल तर ते लाकूड आणि रंग. बोट चिकटलं तर साखर. मी तीन बाटल्यांवर हे केलं. दोन बश्या स्वच्छ होत्या. तिसरीत सकाळी मुंग्यांची रांग लागली होती, बोट लावायची गरजच पडली नाही.

ज्यांच्याकडे हायड्रोमीटर, म्हणजे द्रव किती जड आहे हे मोजायचं साधन आहे ते आणखी नेमकं सांगू शकतात. साखरेने द्रव जड होतो, म्हणून मीटर लेबलपेक्षा कमी अल्कोहोल दाखवतो. जितका फरक, तितकी साखर.

मला स्वतःला साखर घातलेली रम वर्ज्य नाही. पण ती लपवलेली आवडत नाही. आणि कॉकटेल करताना तर हे ठाऊक असायलाच हवं, नाहीतर पाकाचं माप चुकतं.

ओल्ड मंक आहेच की. मग ही महागाची कशाला?

ओल्ड मंक १९५४पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांची रमशी ओळख तिनेच करून दिली, माझीही. वसतिगृहात क्वार्टर कोणी आणायची यावरून झालेली भांडणं आठवतात. पण दोन्हींची जात वेगळी. ओल्ड मंकमध्ये व्हॅनिला पुढच्या रांगेत बसते, गोल, मऊ, लगेच मैत्री करणारी. डेमेराराच्या पुढच्या रांगेत करपलेला पाक आणि ज्येष्ठमध असतात, व्हॅनिला मागे. शेजारी शेजारी ठेवून प्या, डोळे मिटूनही फरक कळेल.

बजेट बेताचं असेल तर भारतीय रम नीट चाखायला शिका आणि डेमेरारा वर्षातून एकदा घ्या. बंगळुरूच्या अमृतची 'टू इंडीज' ही मधली पायरी म्हणून मला बरी वाटते. गुळापासून केलेली भारतीय रम आणि कॅरिबियन रम यांचं ते मिश्रण आहे. तिच्यातला गूळ मराठी जिभेला लगेच सापडतो.

बाटलीवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा का असतो?

इंग्रजांचा हिशेब. त्यांच्या जुन्या मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के अल्कोहोल. त्याचे पाऊण, म्हणजे ७५ प्रूफ, साधारण ४२.८ टक्के. इंग्रज गेले, आकडा राहिला. अमेरिकन प्रूफ वेगळं, तिथे टक्क्यांची सरळ दुप्पट. म्हणून १५१ प्रूफची डेमेरारा म्हणजे ७५.५ टक्के. ती घोटाघोटाने प्यायची वस्तू नव्हे. दुसऱ्या रमबरोबर कॉकटेलमध्ये मोजून घालायची असते.

गयानाची रम ब्रिटिश आरमाराच्या मिश्रणातही मोठ्या प्रमाणात असायची. खलाशांना रोजचा रमचा वाटा मिळे, तो ३१ जुलै १९७० रोजी कायमचा बंद झाला.

नीट, पाणी, बर्फ की कोला?

आधी 'नीट', म्हणजे काहीही न मिसळता. मग थोडं पाणी, अगदी थेंबाथेंबाने. औषधाच्या ड्रॉपरने घाला, तांब्याने नको. ३० मिलिलिटरला पाच-सहा थेंब पडले की माझ्या त्या बाटलीतला लाकडाचा वास मागे सरला आणि संत्र्याची साल पुढे आली. आणखी पाणी घातलं तर सगळंच विरळ झालं. प्रत्येक बाटलीची ही रेघ वेगळी असते.

मे महिन्यात गच्चीवर 'नीट' पिण्याचा हट्ट करू नका. नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की ग्लासातून नुसतं अल्कोहोल उसळतं. त्या दिवसांत मोठा बर्फ हवा. वाटीत पाणी गोठवा, एकच मोठा गोळा सावकाश विरघळतो. फ्रीजच्या ट्रेमधल्या चिमुकल्या खड्यांनी पाच मिनिटांत सरबत होतं.

कोला घाला, कोणी अडवत नाही. पण पंधरा वर्षांची रम कोल्यात ओतलीत तर माझ्याकडे बघू नका.

कॉकटेल कुठलं करावं?

सुरुवात साध्या आंबट-गोडापासून. ६० मिलिलिटर रम, २० लिंबाचा रस, १५ गुळाचा पाक. परदेशी कृतींमध्ये मोठं, बिनबियांचं लिंबू धरलेलं असतं. आपलं कागदी लिंबू त्याहून आंबट आणि वासाला तीव्र. म्हणून तिथे २५-३० लिहिलं असेल तर आपल्याकडे २०ला थांबा, मग चाखून वाढवा. पाकासाठी गडद, चॉकलेटी गूळ घ्या. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, चवीला पोकळ. समान वजनाचं पाणी, मंद आच, गूळ विरघळला की लगेच उतरवा आणि पातळ पंच्यातून गाळा. तळाशी जी काडी-कचरा-माती निघते ती बघून पुढच्या वेळी गाळायला विसरणार नाही. गुळाला स्वतःचा एक खारटपणा असतो, तो या पेयात कामी येतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची रिकामी बरणी चालते. फक्त ती खरोखर वासरहित झाली आहे ना ते बघा. माझ्याकडे एकदा कैरीचं लोणचं आणि रम यांचं मीलन झालं आहे. एका मित्राने दुसरा ग्लास मागितला, पण मी तो किस्सा त्याच्या खात्यावर टाकतो.

दुसरं, आल्याचं. काळी रम आणि जिंजर बिअरच्या पेयाचं प्रसिद्ध नाव बर्म्युडाच्या गॉसलिंग कंपनीने स्वतःच्या रमसाठी नोंदवून ठेवलं आहे, तेव्हा आपण आपलं 'आलं-रम' म्हणू. आलं किसून फडक्यातून पिळा आणि रस दहा मिनिटं तसाच ठेवा. तळाशी पांढरं सत्त्व बसतं. ते घेतलं तर पेय पिठूळ लागतं, म्हणून वरचा निवळ रसच अलगद ओता. १० मिलिलिटर रस, १५ गुळाचा पाक, अर्धं लिंबू, भरपूर बर्फ, सोडा, आणि रम सगळ्यात शेवटी वरून सावकाश. गडद थर वर तरंगतो. ढवळू नका, पिताना आपोआप मिसळतो. सोड्याचा जोर आणि रमचं ज्येष्ठमध यांची जोडी छान जमते.

तिसरं थंडीचं. नागपुरी संत्री आली की त्याची साल वाया घालवायची नाही. ६० मिलिलिटर रम, छोटा चमचा काकवी, बिटर्सचे, म्हणजे मसाल्यांच्या कडू अर्काचे, दोन झटके. अँगोस्ट्युरा मिळालं तर उत्तम, तेही रमच्याच मुलखातलं, त्रिनिदादचं. मोठ्या बर्फावर ढवळा. सालीचा तुकडा ग्लासवर वाकवा, तेलाचा फवारा पृष्ठभागावर पडू द्या. पांढरा भाग कडू असतो, तो आधी सुरीने खरवडा. माझ्या मते डेमेराराला याहून शोभणारं काही नाही.

घरी दहा-बारा माणसं असतील तर पंच. हा शब्दच आपल्या पाचावरून गेला असं बहुतेक जण मानतात : दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. कॅरिबियनमधला जुना हिशेब सोपा आहे. एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. रममध्ये आधीच साखर असेल तर दोनाचा दीड करा. पातळ म्हणून थंड, कोरा चहा वापरून बघा. वरून जायफळ, पुरणाला लावतो त्याच किसणीवर, पण चिमूटभरच.

'झोंबी' कोणी मागितलं तर? १९३४च्या सुमारास हॉलिवूडमधल्या डॉन द बीचकोंबर या बारमध्ये ते जन्मलं. त्यात तीन रम, आणि त्यातली एक १५१ प्रूफची डेमेरारा. मूळ बारमध्येच गिऱ्हाइकाला दोनापेक्षा जास्त देत नसत. आमच्या गच्चीला कठडा कमी उंचीचा आहे, त्यामुळे एकही देत नाही.

चकणा काय ठेवावा?

भाजके शेंगदाणे, खारे काजू, काळ्या मनुका. संपलं. झणझणीत चिवडा किंवा मिसळ आधी खाल्ली तर पुढचा तासभर जिभेला फक्त आग कळते, रम नाही. पुरणपोळीबरोबर करून बघितलं, गोडावर गोड चढून दोन्ही बिघडलं. अनारसा मात्र अनपेक्षितपणे जमला. खसखस आणि तळलेल्या गुळाचा कुरकुरीतपणा रमच्या कडू शेवटाला चिकटून बसतो. दिवाळीत आईच्या डब्यातून दोन लंपास करा.

थंडीत रमने अंग गरम होतं ना? सर्दीला चालते ना?

गरम वाटतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब जाणवते, पण त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर जाते. निफाडच्या कडाक्याच्या पहाटे दोन पेग मारून स्वेटर काढणारे थोर पुरुष मी पाहिले आहेत. स्वेटर घालाच. सर्दीला आल्याचा काढा घ्या, त्यात रम नको. लहान मुलांना तर थेंबसुद्धा देऊ नका, घरातलं कोणी वडीलधारं काहीही सांगो.

परवाना, वय वगैरे?

महाराष्ट्रात रमसारख्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना हवा. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, असा काढता येतो. आमच्याकडे येणाऱ्याने गाडीची किल्ली दारातल्या टोपलीत टाकायची आणि परत जाताना रिक्षा करायची. यावर चर्चा होत नाही.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते? आडवी ठेवायची ना?

आडवी अजिबात नाही. हे मी स्वानुभवाने सांगतो. नाशिकला राहून राहून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बूच असलेली बाटली आडवीच ठेवायची, वाइनसारखी, म्हणजे बूच ओलं राहतं. गयानाची ती बाटली मी मोठ्या मायेने आठ महिने वाइनच्या रॅकवर आडवी ठेवली. वाइन साधारण १२-१३ टक्क्यांची असते, ही ४३ची. एवढं अल्कोहोल बुचाला हळूहळू खाऊन टाकतं. पाहुणे समोर बसलेले, मी बूच फिरवलं, आणि टोपी हातात आली. खालचा भाग बाटलीच्या मानेत भुसभुशीत होऊन अडकला होता. स्क्रूने काढायला गेलो तर चुरा होऊन आत पडला. शेवटी चहाची गाळणी, तिच्यावर धुतलेला पंचा, आणि सगळी बाटली पातेल्यात उपसली. वहिनी म्हणाल्या, "चहा झाला का?"

तेव्हा बाटली उभी, उन्हापासून दूर, कपाटात. अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर काही होत नाही. चार बोटं उरली की आतली हवा वास पळवायला लागते, मग ती छोट्या बाटलीत काढून ठेवा किंवा संपवा. माझी ती बाटली सध्या त्याच अवस्थेत आहे. तोंडाला दुसऱ्याच एका बाटलीचं बूच लावलं आहे, ते थोडं सैल बसतं, म्हणून वरून रबरबँडचे दोन वेढे.